चॅनल एकतीस : म्हैस

दांडिया बाजारच्या आमच्या घरात
फडताळाला वर्तमानपत्र कधी घातलं नाही.
काका मकरपुऱ्याच्या ऑफिसातून
मोडीत निघालेल्या रेकॉर्डच्या पट्ट्या आणायचे,
आई त्यांवर हिंग, मेतकूट, छुंद्याची बरणी मांडायची.
अठ्ठेचाळीस काळ्या रेघा, शेजारी शेजारी,
वरून खाली थरथरत गेलेल्या,
हुडहुडी भरलेल्या बाईने घातलेल्या टाक्यांसारख्या.

मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी
जमीन अशी डब्यांखाली अंथरलेली असते.

काका मोजकं बोलत, पण पट्टी वाचायला शिकवली.
ही वरची धसमुसळी, ती नांगरटीची माती.
इथे बघ, सगळ्याजणी एकदम दचकल्या,
म्हणजे इथे थर बदलला.
"किती खोल?"
"खोल कोण सांगणार? मी सेकंद सांगतो.
आवाज गेला नि आला, दोन सेकंद.
निम्मे जायचे, निम्मे यायचे.
वाटेत कोण भेटलं ते तो सांगत नाही."

दोन सेकंदांपाशी एक जाड दचका.
तिथे काकांचं बोट जरा रेंगाळायचं.
जंबुसरच्या कपाशीखाली, महीच्या गाळाखाली,
सगळ्याच्या तळाशी
दख्खनचा काळा दगड.
"आपली माणसं घोड्यांवर बसून आली इकडे.
आपला दगड त्याआधीच येऊन बसलाय,
गपचूप, कुणाला पत्ता न देता."

शॉटच्या आधी लाइनवर सगळं थांबवायचे.
पंप बंद. बैल उभे.
दीड मैलभर माणसं जिओफोनशेजारी
उन्हात पाय न हलवता,
माशी बसली तरी बसू देत.
अठरा मीटर खोल भोकात दारू.
मग सहा सेकंद.
सहा सेकंद गप्प बसणारं गाव
काकांना अख्ख्या नोकरीत भेटलं नाही.

गेल्या महिन्यात कसर लागली म्हणून
फडताळं रिकामी केली.
पट्ट्या पहिल्यांदाच उलट्या झाल्या.
मागे पेन्सिल, काकांचं तिरकं अक्षर :

चॅनल सात : वारा. निलगिरी.
चॅनल एकतीस : म्हैस.
चॅनल बारा ते पंधरा : वरात, लांबून. बँड बेसूर.
चॅनल चाळीस : जीवणभाईचा खोकला.
चॅनल चाळीस : पुन्हा तोच.
चॅनल नऊ : मेला. उद्या बदलणे.

पुढच्या बाजूला जे शोधत होते
ते तिथे नव्हतं, विहीर कोरडी निघाली,
साहेबांची बदली झाली दुलियाजानला.
राहिली ती म्हैस,
चाळीस वर्षांपूर्वी एका पायावरून दुसऱ्या पायावर
भार टाकणारी.

आणि एक पट्टी. अकरा डिसेंबर.
चॅनल चोवीस : गोंगाट. कारण : मी.

माझा जन्म बाराचा.
मी पट्टी घेऊन धावतच खाली गेले.
काका ओट्यावर शेंगा सोलत होते,
एक्याऐंशी वर्षांचे, डाव्या कानाने जवळजवळ बहिरे.
तीनदा ओरडून विचारलं,
काय झालं होतं त्या दिवशी? काही कळलं होतं का तुम्हाला?
त्यांनी कागद नाकाशी धरला.
"ट्रकवर त्या दिवशी देसाई होता. मी लाइनवर.
लघवीला गेलो असेन."
आणि तार पंधराला मिळाली, हेही सांगितलं,
शेंगेतला किडका दाणा बाजूला काढत.

रंगारी गेल्यावर मी फडताळं पुन्हा लावली.
पट्ट्या या वेळी उलट्या अंथरल्या.
आता छुंद्याच्या बरणीखाली
म्हैस वर,
वरात वर, खोकला वर,
लघवीला निघालेले काका वर,
आणि दगड खाली,
जिथे तो असतो.